फ्लेक्सवरचे राज्य

वैशाखातली दुपार होती, ओसरीत कूलर घरघरत होता आणि निकेश चटईवर पालथा पडून गावच्या मोठ्या तलावात एक बाई बुडवत होता.

"मेली का?" पुष्पाबाईंनी लोणच्याच्या कैऱ्या फोडता फोडता विचारले.

"नाही आई. ते पाण्यातच राहते. हातात तलवार धरून."

"काहून?"

"राजाले द्यासाठी."

"मंग काठावर येऊन दे म्हणा ना. पाण्यात राहून राहून तलवारीले गंज चढन."

निकेशने कागदावर बाईच्या खाली बारीक अक्षरात 'गंज?' असे लिहिले. आईच्या सूचना तो टाळत नसे. टाळल्या तरी त्या पुन्हा येतात, हे त्याला ठाऊक होते.

निकेश पुण्याच्या एका संगणक कंपनीत होता आणि गेले वर्षभर घरूनच काम करत होता. घर म्हणजे पिपरटोला. सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाताना उजव्या हाताला धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, जे गाव दिसत नाही, ते पिपरटोला. आता कंपनीने सगळ्यांना परत बोलावले होते. सोमवारी निघायचे होते. त्याआधी रविवारी निकेशला एक खेळ खेळायचा होता, आणि आयुष्यात त्याला तूर्त दुसरे काही नको होते.

खेळ साधा आहे. टेबलाभोवती काही माणसे बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसे होतात. तो विचारतो, "आता तुम्ही काय करता?" मग ज्याला जे सुचेल ते तो करतो, आणि ते जमले की फसले हे वीस तोंडांचा एक फासा ठरवतो. पुण्यात असे खेळ चालत, पण टेबले नेहमी भरलेली असत. निकेशने दोन पावसाळे लोकांच्या खुर्च्यांमागे उभे राहून काढले होते. त्याला गोष्ट सांगायची होती ती आर्थर राजाची. तो विलायतेचा जुना राजा. दगडात रुतलेली तलवार उपसून तो राजा झाला, आणि त्याने सरदारांना गोल टेबलाभोवती बसवले, म्हणजे कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

अडचण एवढीच की निकेशने विलायत पाहिली नव्हती. डोळे मिटून विलायतेचा तलाव आणावा, तर पाळीवर पळसाची झाडे उगवत. किल्ला आणावा, तर त्याच्या बुरुजावर कोणीतरी गोवऱ्या वाळत घातलेल्या दिसत. शेवटी त्याने हट्ट सोडला आणि सगळे राज्यच पिपरटोल्याला आणले. तलवार रुतली होती तो दगड तलावाच्या तुडुमात गेला. तुडुम म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी. तलवारीची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, झाली, कारण तुडुमात सब्बल अडकलेली त्याने लहानपणापासून पाहिली होती. जंगलातला राक्षस नाकाडोंगरीकडे राहायला गेला. आग ओकणारा अजगर कुठे ठेवावा हा प्रश्न होता, पण गावात धूर निघणारी एकच इमारत होती, ती म्हणजे भय्याजींची राईस मिल. त्यामुळे तोही सुटला.

दुपारी कूलरच्या घरघरीत डोळा लागला की ते राज्य आपोआप चालू होई. तलावावर धुके उतरे. बगळे एका पायावर उभे राहून राजाची वाट पाहत. घोडे येत, त्यांच्या गळ्यात बैलांच्या घुंगरमाळा असत, आणि ते कोणालाच चूक वाटत नसे.

खेळाडू तीन जमले होते. एक धाकटी बहीण गुड्डी, दुसरा शाळासोबती संजीव आणि तिसरा विक्की. विक्कीचे सिहोऱ्यात फ्लेक्सचे दुकान होते. मांडवाचे सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून गोल टेबलही मिळाले. लग्नात त्यावर पानाचे ताट ठेवतात. आता टेबलावर अंथरायला राज्याचा मोठा नकाशा हवा होता. निकेशने तो संगणकावर नीट काढला आणि विक्कीला पाठवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे फ्लेक्स छापून कोणी घरी नेत नाही. फ्लेक्स चौकात लावतात. विक्कीच्या दुकानात छपाईत टांगणे आलेच, आणि त्याने आजवर छापलेला प्रत्येक फ्लेक्स कोणत्या ना कोणत्या चौकात वाऱ्याने फाटेपर्यंत लटकला होता. 'टेबलावर अंथराले पाहिजे' हा निकेशचा निरोप त्याने वाचलाच नाही. त्याने नकाशा पाहिला. वरच्या कोपऱ्यात निकेशने आभाळ मोकळे सोडले होते. मोकळी जागा विक्कीला बघवत नसे. त्याने तिथे निकेशचा काळ्या गॉगलमधला फोटो टाकला आणि खाली 'राज्याभिषेकानिमित्त हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार' असे छापले. शुक्रवारी सकाळी, गाव दात घासत असताना, तो पिपरटोल्याच्या चौकात फ्लेक्स बांधून चहा पिऊन परतही गेला.

तोंड धुवायच्या आत निम्म्या गावाने राज्य वाचून काढले. प्रत्येकाने आधी आपले वावर शोधले. माणूस नकाशात दुसरे काही शोधत नाही.

पहिले आले परसराम. परसराम हे संजीवचे वडील. त्यांचे वावर निकेशचे वडील टेकचंद यांच्या वावराला लागून होते आणि मधला धुरा, म्हणजे बांध, गेली कित्येक वर्षे कधी इकडे तर कधी तिकडे सरकत होता; नकाशात मात्र निकेशने तो एका सरळ रेघेने दाखवला होता. दोघांचे बोलणे बंद होते. म्हणजे एकमेकांशी. बाकीच्यांमार्फत ते भरपूर बोलत. परसराम फाटकाबाहेरच उभे राहिले. टेकचंद तीन हातांवर खाटेवर बसले होते.

"निकेश, तुह्या बापाले विचार, माह्या वावरातून सरळ रेघ कोण मारली?"

"निकेश, त्याले सांग," टेकचंद म्हणाले, "पोट्ट्याच्या हातून सरळ रेघ आली. त्याच्या नांगरातून कधी आली नाही."

"काका, ते खेळातलं राज्य आहे," निकेश म्हणाला. "खोटं आहे सगळं."

"राज्य खोटं असन. वावर तं माहं आहे ना?"



"अन् तुले सांगतो," टेकचंद मुलाकडे वळले, "सरळ रेघ मारली म्हंजे आपलीबी जागा गेली. धुरा आपल्याकडून वाकडा आहे. तुले कोण सांगतलं सरळ माराले?"

"बाबा, पट्टीनं मारली!"

"घरच्या वावराले पट्टी लावते का कोणी?" या मुद्द्यावर परसराम आणि टेकचंद यांचे एकमत झाले. पण बोलणे बंद असल्यामुळे ते कोणालाच कळवता आले नाही. परसराम जाताना म्हणाले, "ही रेघ मिटत नाही तोवर माहा संजीव ह्या राज्यात पाय ठेवणार नाही."

एक सरदार गेला.

दुपारी भय्याजी मोटरसायकलवर आले. मिलच्या कोंड्याने त्यांच्या भुवया बारमाही पांढऱ्या असत. "निकेशबाबू, माह्या मिलवर अजगर बसवला म्हंते?"

"भय्याजी, तो खेळातला—"

"आग ओकते म्हंते. माह्या मिलमधून धूर निघते, आग नाही. प्रदूषणवाल्या सायबानं पाहिलं तं?" मग ते थोडे थांबले. "मोठा आहे का?"

"कोण?"

"अजगर."

"लय मोठा. आख्खं राज्य त्याले भेते."

भय्याजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "मंग राहू दे. पण शेवटी त्याले मारतेत का?"

"मारतेत."

"कोण?"

"विक्की."

"विक्की!" समाधान मावळले. "ज्यानं माह्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दुसऱ्याचाच फोटो लावला, तो विक्की? त्याच्या हातून मी मराले तयार नाही. पाहतोच त्याले!"

भय्याजींची मोटरसायकल सिहोऱ्याकडे वळल्याचे कोणीतरी फोनवर कळवले, आणि विक्की दुकानाचे शटर ओढून मावशीकडे दिघोरीला निघून गेला. मावशीला फार आनंद झाला.

शनिवारी सरपंच रत्नमालाताई आल्या. त्यांनी फ्लेक्स चौकातून सोडवून, नीट घडी घालून सोबत आणला होता.

"राजा ठेवाचा होता तं ग्रामसभेत विषय घ्या लागत होता," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "पद कोणासाठी राखीव आहे?"

"काकू, राजा तलवार उपसून होते. निवडणूक नसते."

"म्हंजे बिनविरोध. बरं. राणी कोण?"

गुड्डी म्हणाली, "काकू, राणी नाही. मी सरदार आहे."

"अन् बाया किती सगळ्या राज्यात?"

"एक आहे," निकेश चटकन म्हणाला. "मोठं काम आहे तिचं."

"कुठी आहे?"

"तलावात."

रत्नमालाताईंनी फ्लेक्स उलगडला, तलाव शोधला, बाई शोधली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. "गावात एक बाई, अन् तिले गळ्याइतक्या पाण्यात उभी केली. हातात लोखंड देऊन."

गुड्डीने हे आजवर असे पाहिलेच नव्हते. "खरंच की दादा!" ती म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे सरदारकीचा राजीनामा दिला.

रविवारी जेवणे झाल्यावर निकेशने ओसरीत गोल टेबल मांडले, त्यावर फ्लेक्स अंथरला, मध्ये फासा ठेवला आणि एकटाच बसला. सकाळी संजीवला निरोप पाठवून झाला होता, विक्कीला फोन करून झाले होते, गुड्डीची मनधरणी करून झाली होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्याने डोके तलावावर टेकवले. फ्लेक्सला नव्या रंगाचा वास येत होता. डोळे मिटले, पण आज धुके आले नाही. बगळेही आले नाहीत. राजाशिवाय उभे राहून ते कंटाळले असावेत.

फाटक वाजले. परसराम आले होते आणि त्यांच्या हातात मोजायची दोरी होती. "निकेश, तुह्या बापाले सांग, मी रेघ दुरुस्त कराले आलो. फ्लेक्स कुठी आहे?"

"त्याले सांग," टेकचंद उठले, "दुरुस्ती माह्यासमोर होईन."

दोरी पाहून साक्षीला रत्नमालाताई आल्या. अजगराचे काय ठरले ते विचारायला भय्याजी आले. सगळे टेबलाशी बसायला लागले आणि तिथेच अडले. गोल टेबलाला वरची जागा नसते, हे विलायतेत खरे असेल. वैशाखात आपल्याकडे कूलरसमोरची जागा वरचीच असते. ती भय्याजींनी धरली. ती गावाच्या पहिल्या नागरिकाची आहे असे रत्नमालाताईंचे म्हणणे पडले. घर आपले आहे, असे टेकचंदांनी भिंतीला सांगितले. परसराम काही न बोलता आपली खुर्ची हळूहळू सरकवत होते. सरकवण्याचा सराव होता.

पुष्पाबाई उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला. सगळे सारखेच घामाने निथळू लागले, आणि त्या राज्यात समता आली.

"पेन दे," परसराम दोरी सोडत म्हणाले.

निकेशने चौघांकडे पाहिले. चार माणसे होती, गोल टेबल होते. "काका," तो सावकाश म्हणाला, "हे रेघ पेनानं नाही मिटत. खेळूनच मिटवा लागते. नियमच आहे."

"खेळून?"

"मी सांगतो, तुम्ही ऐका. मंग तुम्ही काय करता ते सांगा."

नियम आहे म्हटल्यावर कोणी हरकत घेतली नाही. निकेशने डोळे मिटले.

"पहाट आहे. थंडी आहे."

भय्याजींनी नकळत शर्टाचे वरचे बटण लावले.

"मोठ्या तलावावर धुकं आहे. एवढं की पाळ दिसत नाही, पळस दिसत नाही, आपलेच पाय दिसत नाही. पाणी हालून नाही राहिलं. एक बगळा उडाला, त्याच्या पंखांचा आवाज तेवढा आला. अन् मंग पाण्यातून एक हात वर येते. हातात तलवार आहे."

परसरामांनी तो तलाव जन्मापासून रोज पाहिला होता; पण आता ते फ्लेक्सवरच्या निळ्या डागाकडे असे बघत होते, जसे कोणी परगावी आपल्या गावचा माणूस दिसल्यावर बघतो.

"आता तुम्ही काय करता?" निकेशने विचारले.

"हात दिसून राहिला, डोकं नाही," परसराम पुटपुटले. "म्हंजे पाणी पुरुषभर आहे. वैशाखात पुरुषभर? तुडुम कोणीतरी बंद केलं. मी तुडुमाकडे जातो."

"बाईले कोण काढन?" रत्नमालाताई म्हणाल्या. "मी पाण्यात उतरते. तिले म्हंते, बाई, हे लोखंड इकडे दे अन् घरी जा."

"हे पहिले धर माय," पुष्पाबाई दारातून म्हणाल्या, "माहं लुगडं. ओली असन ते."

फासा पडला. बाई काठावर आली, पुष्पाबाईंच्या लुगड्यात. पुढे तुडुमात सब्बल रुतलेली होती. भय्याजींनी जोर लावला आणि फाशाने त्यांना उताणे पाडले. रत्नमालाताईंनी फासा टाकला, तो गडगडत नाकाडोंगरीपर्यंत गेला आणि वीसवर थांबला. सब्बल निघाली. पाणी खळखळत बांध्यांत गेले.

"म्हंजे राजा…" निकेश म्हणाला.

"पद महिलांसाठीच राखीव होतं," रत्नमालाताई शांतपणे म्हणाल्या. "पुढं सांग."

निकेशने परसरामांना धुरा बघायला पाठवले, आणि पलीकडून टेकचंदांना. "धुकं आणखी दाट झालं. तुम्ही दोघंही वावरात उभे आहा, समोरासमोर. मधात धुरा आहे का नाही, दिसत नाही. माणूसबी दिसत नाही. फक्त कोणीतरी आहे एवढं कळते. आता तुम्ही काय करता?"

परसरामांनी बराच विचार केला. धुक्यात एकट्या माणसाने काय करावे हा प्रश्न सोपा नव्हता.

"आवाज जाते का तिकडे?" त्यांनी विचारले.

"जाते."

परसरामांनी घसा साफ केला. "टेकचंद, तंबाखू आहे का बे?"

टेकचंदांनी निकेशकडे पाहिले नाही, भिंतीकडेही पाहिले नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून डबी काढली आणि नकाशावरून, सरळ रेघेवरून, पलीकडे सरकवली. "चुना कमी टाकजो. तुले ठसका लागते."

रेघ मिटवायचे नंतर कोणाच्या ध्यानात आले नाही. दोरी खुर्चीखाली पडून राहिली. संजीव बापाला बोलवायला आला तो दारातच उभा राहिला. गुड्डी राजीनामा मागे घ्यायला आली, तिला जागा नाही असे सांगण्यात आले. अजगराशी राजाने वाटाघाटी केल्या आणि त्याला धानाच्या भरडाईला लावले. ते भय्याजींना मरणापेक्षा बरे वाटले.

ऊन उतरले तेव्हा निकेश गोष्टीच्या मुख्य भागाला आला. "राजे, राज्यात एक पवित्र पेला हरवला आहे. दूर, कोणाले माहीत नाही कुठी. जो सरदार तो आणन, त्याच्यानं राज्यावरचं सगळं दुःख जाईन. सगळे सरदार घोड्यावर बसून निघतेत."

"नाही निघत," परसराम म्हणाले.

"काहून?"

"धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकाचे आहेत. मंग रोवणी. अशात कोण गाव सोडून जाते?"

"मिल बंद ठेवता येत नाही," भय्याजी म्हणाले.

"धुरा रिकामा ठेवू का मी?" असे टेकचंद म्हणाले आणि मग परसरामांकडे पाहून जरा ओशाळले.

निकेश हताश झाला. या गोष्टीत सगळे सरदार निघतात. न निघालेल्या सरदारांचे पुढे काय होते, हे जगात कोणीच रचून ठेवलेले नव्हते. रत्नमालाराजे विचारात पडल्या. त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या पिशवीवर गेली.

"तू उद्या जाऊनच राहिला ना पुण्याले?"

"हो काकू."

"मंग जाताच आहेस तं तिकडेच पाहून घेजो पेला. ठराव मंजूर."

सोमवारी निकेश तुमसर रोड स्टेशनहून गाडीत बसला. कोणी सरदार पवित्र पेल्याच्या शोधात निघाला की नगारे वाजतात. त्याला निरोप द्यायला आलेल्या टेकचंदांनी फक्त लोणच्याची बरणी सरळ धरायला सांगितले.

आता पुण्यात रविवारी दुपारी त्याचा फोन वाजतो. पडद्यावर ओसरी दिसते, गोल टेबल दिसते, पान खाल्लेली तोंडे दिसतात. गोष्ट सांगायच्या जागेवर पुष्पाबाई बसलेल्या असतात. मुलाचे वर्षभराचे पुटपुटणे त्यांच्या कानांवरून गेले होते, आणि बाकीचे त्यांना सुचते.

"पहाट आहे," त्या म्हणतात. "धुकं आहे. दूर एका नगरात निकेश सरदार खिडकीत उभा आहे. वाळून गेला आहे. दोन दिसापासून त्यानं काही खाल्लं नाही."

"आई, मी आत्ताच जेवलो."

"मधात बोलू नको. बगळा उडते. बगळा विचारते, सरदार, पेला भेटला का?"

एका रविवारी निकेश थकलेला होता. कामाचा आठवडा वाईट गेला होता. तो म्हणाला, "आणून टाकू का आता? किती दिवस शोधू?"

पडद्यावरची तोंडे एकमेकांकडे वळली. "आणला की काय होते?" परसरामांनी विचारले.

"राज्यावरचं दुःख जाते. खेळ संपते."

टेकचंदांनी तंबाखूची डबी उघडली, परसरामांनी हात पुढे केला.

"आम्हाले तशी घाई नाही," रत्नमालाराजे शेवटी म्हणाल्या. "तू सावकाश पाह्य."

"पुणं मोठं आहे बाबा," भय्याजी म्हणाले. "एका जन्मात होत नाही."

पुष्पाबाई मुलाच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होत्या.

निकेशच्या समोर टेबलावर चहाचा पेला होता. खिडकीतून तिरपे ऊन आत आले होते आणि नेमके त्याच्यावर पडून तो उगाच झळाळत होता. निकेशने एका हाताने तो हळूच फोनच्या नजरेआड सरकवला.

"नाही भेटला," तो म्हणाला. "शोधून राहिलो, आई."